कुत्रा व मांजर यांमधील अतिसार

कुत्रा व मांजर यांमधील अतिसार म्हणजे विष्ठेतील पाण्याचे प्रमाण वाढून ती पातळ होणे, वारंवार होणे किंवा नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात होणे. बोलीभाषेत यास हगवण किंवा जुलाब म्हणतात. अतिसार हा स्वतंत्र रोग नसून पचनसंस्थेतील किंवा शरीरातील अन्य बिघाडाचे लक्षण आहे. अन्नातील किरकोळ बदलापासून प्राणघातक विषाणुसंसर्गापर्यंत अनेक कारणांनी तो होतो. प्रौढ व निरोगी प्राण्यातील साधा अतिसार बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतो. परंतु लस न दिलेल्या पिल्लांमध्ये तोच एक-दोन दिवसांत मृत्यूस कारण ठरू शकतो. म्हणून अतिसाराचा प्रकार व त्यामागील कारण ओळखणे महत्त्वाचे ठरते.

नाव

‘अतिसार’ हा शब्द संस्कृतातील ‘अति’ हा उपसर्ग आणि ‘सृ’ (सरकणे, वाहणे) हा धातू यांपासून बनला आहे. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत मानवी रोगांच्या संदर्भात तो आढळतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अतिसारावर स्वतंत्र अध्याय आहे. मराठी पशुवैद्यकीय लेखनात हाच शब्द रूढ आहे. ग्रामीण भागात मात्र गुरे, शेळ्या व कुत्रे या सर्वांच्या बाबतीत ‘हगवण लागणे’ असेच म्हणतात. विष्ठेतून आव व रक्त पडत असल्यास आणि प्राणी कुंथत असल्यास त्या अवस्थेस आमांश म्हणतात.

अतिसार कसा होतो

अन्न, पाणी, लाळ व पाचकरस यांच्याद्वारे आतड्यात दररोज मोठ्या प्रमाणावर द्रव येतो. त्यातील बहुतांश द्रव लहान आतडे शोषून घेते व उरलेल्यापैकी बराच मोठे आतडे शोषते. हे संतुलन पुढील चार प्रकारे बिघडते. एकाच रुग्णात यांपैकी एकाहून अधिक प्रकार एकत्र असू शकतात.

१. परासरणी अतिसार : न पचलेले अन्नघटक आतड्यात राहतात व पाणी आपल्याकडे ओढून धरतात. दुधातील शर्करा न पचल्यामुळे होणारा अतिसार हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. असे अन्न थांबवल्यास हा अतिसार थांबतो.

२. स्रावी अतिसार : जिवाणूंच्या विषामुळे किंवा अन्य उत्तेजनामुळे आतड्याच्या पेशी अधिक द्रव स्रवतात. प्राणी उपाशी असला तरी तो चालू राहू शकतो.

३. पारगम्यता वाढल्याने होणारा अतिसार : आतड्याच्या अस्तरास इजा होऊन त्यातून द्रव, प्रथिने व कधी रक्त पाझरते.

४. गतिदोषामुळे होणारा अतिसार : आतड्याची हालचाल बिघडल्याने द्रव शोषला जाण्यास पुरेसा अवधी मिळत नाही.

प्रकार

कालावधीनुसार

अचानक सुरू होऊन थोड्या दिवसांत संपणाऱ्या अतिसारास तीव्र अतिसार म्हणतात. साधारणपणे तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ चालणारा किंवा थांबून पुन्हापुन्हा उद्भवणारा अतिसार जुनाट मानला जातो. तीव्र अतिसारामागे बहुधा आहार, जंत किंवा संसर्ग असतो. जुनाट अतिसारात आतड्याचा दाह, अन्नाची असहिष्णुता, स्वादुपिंडाचे विकार व अर्बुदे यांचा विचार करावा लागतो.

आतड्याच्या भागानुसार

लहान आतड्याच्या अतिसारात एका वेळी होणाऱ्या विष्ठेचे प्रमाण बरेच असते, मात्र शौचाची वारंवारता फारशी वाढत नाही. वजन घटते आणि सोबत उलट्याही होऊ शकतात. जठर किंवा लहान आतड्यात रक्तस्राव होत असल्यास पचलेल्या रक्तामुळे विष्ठा डांबरासारखी काळी दिसते.

मोठ्या आतड्याच्या अतिसारात प्राणी दिवसातून अनेकदा थोडीथोडी विष्ठा टाकतो व कुंथतो. शौचाची घाई झाल्याने शिस्त लावलेला कुत्राही घरात घाण करतो. विष्ठेवर आव व ताजे लाल रक्त दिसते, परंतु वजन सहसा टिकून राहते. कुंथणाऱ्या प्राण्यास बद्धकोष्ठ झाला आहे असे समजून त्यास रेचक देण्याची चूक अनेकदा होते. बोका वारंवार कुंथत असेल तर त्याची लघवी अडलेली नाही, याची खात्री तातडीने करून घ्यावी लागते, कारण लघवी अडणे जीवघेणे असते.

कारणे

आहार

कुत्र्यांमधील तीव्र अतिसाराचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे अयोग्य खाणे. उकिरड्यावरील अन्न, शिळे मांस, अतिशय स्निग्ध पदार्थ आणि एका दिवसात केलेला आहारबदल यांमुळे अतिसार होतो. स्निग्ध पदार्थांनंतर काही कुत्र्यांना स्वादुपिंडाचा दाहही होतो.

दुधाविषयी मोठा गैरसमज आहे. आईचे दूध तुटल्यानंतर बहुतेक कुत्र्या-मांजरांमध्ये दुग्धशर्करा पचवणाऱ्या विकराचे प्रमाण कमी होत जाते. त्यामुळे गाय किंवा म्हशीचे दूध वाटीभर दिल्यास अनेकांना पातळ होते. मांजराच्या अगदी लहान पोरक्या पिल्लांनाही गाईचे दूध मानवत नाही. त्यांच्यासाठी बाजारात मिळणारे मांजराच्या दुधाचे पर्यायी मिश्रण वापरावे लागते.

विषारी पदार्थ

कांदा व लसूण यांमुळे कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजवल्याने किंवा वाळवून पूड केल्याने हा दोष जात नाही. त्यामुळे कांदा-लसूण मसाला घातलेला रस्सा, उरलेली भाजी किंवा मसाल्यात शिजवलेले मटण त्यांच्यासाठी धोक्याचे असते. चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे आणि झायलिटॉल हा साखरेचा पर्याय कुत्र्यांना घातक आहेत. द्राक्षे व बेदाणे यांमुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. उंदीर मारण्याची औषधे, कीटकनाशके व काही शोभेच्या वनस्पती यांमुळेही उलट्या व अतिसार होतात.

विषाणू

पार्व्हो विषाणूमुळे होणारा आतड्याचा दाह हा कुत्र्यांच्या पिल्लांमधील सर्वांत भयंकर अतिसार होय. हा विषाणू १९७८ मध्ये ओळखला गेला व अल्पावधीत जगभर पसरला. तो मांजरांमधील पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूशी जवळचे नाते असलेल्या विषाणूपासून उत्पन्न झाला असे मानतात. संसर्गानंतर साधारण ३ ते ७ दिवसांत पिल्लू मलूल होते, खाणे सोडते व उलट्या करू लागते. त्यानंतर दुर्गंधीयुक्त, बहुधा रक्तमिश्रित अतिसार सुरू होतो. हा विषाणू वेगाने विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. त्यामुळे आतड्याचे अस्तर नष्ट होते आणि अस्थिमज्जेतील पेशी बाधित झाल्याने पांढऱ्या रक्तपेशीही घटतात. अशा प्रकारे आतड्यातील जिवाणू रक्तात शिरत असतानाच शरीराची प्रतिकारशक्ती कोसळलेली असते. उपचार न केल्यास बहुसंख्य पिल्ले दगावतात, तर वेळेवर व सघन उपचार मिळाल्यास बहुसंख्य वाचतात. सहा आठवडे ते सहा महिने वयाच्या पिल्लांना याचा धोका सर्वाधिक असतो.

मांजरांमधील पॅनल्युकोपेनिया हा याच गटातील रोग आहे. गाभण मांजरीस त्याची बाधा झाल्यास पिल्ले अनुमस्तिष्काची वाढ खुंटलेल्या अवस्थेत जन्मतात व आयुष्यभर डळमळत चालतात. डिस्टेंपर, कोरोना व रोटा या गटांतील विषाणूंमुळेही अतिसार होतो. डिस्टेंपरमध्ये त्यासोबत नाका-डोळ्यांतून स्राव, खोकला व पुढे झटके ही लक्षणे दिसू शकतात.

जिवाणू

साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, क्लॉस्ट्रिडियम व ई. कोलाय हे यांतील प्रमुख होत. मात्र यांपैकी अनेक जिवाणू निरोगी प्राण्यांच्या विष्ठेतही सापडतात. त्यामुळे केवळ त्यांच्या अस्तित्वावरून निदान करता येत नाही. कच्चे मांस हा साल्मोनेलाचा महत्त्वाचा स्रोत आहे.

जंत व एकपेशीय परजीवी

गोलकृमी पिल्लांमध्ये अतिशय सामान्य आहेत. कुत्र्यांमध्ये ते गर्भावस्थेतच नाळेवाटे पिल्लात जातात, तर मांजरांमध्ये आईच्या दुधावाटे जातात. पोट फुगलेले, केस निस्तेज व वजन वाढत नाही असे पिल्लू बहुधा जंतांनी ग्रस्त असते. अंकुशकृमी आतड्याच्या अस्तरास चिकटून रक्त शोषतात. त्यामुळे काळसर अतिसार होऊन हिरड्या पांढुरक्या पडतात आणि लहान पिल्ले रक्तक्षयाने मरू शकतात. चाबूककृमी कुत्र्यांच्या मोठ्या आतड्यात राहतात व त्यांची अंडी जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. पिसवा गिळल्याने होणाऱ्या पट्टकृमीचे तुकडे गुदद्वाराजवळ तांदळाच्या दाण्यांसारखे दिसतात.

जिआर्डिया व कॉक्सिडिया हे एकपेशीय परजीवी दूषित पाणी, अस्वच्छ जागा व गर्दी यांतून पसरतात. अनेक मांजरे एकत्र ठेवलेल्या ठिकाणी ट्रायट्रायकोमोनास या परजीवीमुळे तरुण मांजरांना दीर्घकाळ मोठ्या आतड्याचा अतिसार होतो.

औषधे

प्रतिजैविके व वेदनाशामके यांमुळे अतिसार होऊ शकतो. माणसांसाठीच्या वेदनाशामकांनी कुत्र्यांच्या जठरास व्रण पडतात. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

अन्य रोग

आतड्याचा जुनाट दाह, अन्नाची अधिहर्षता, आतड्याची अर्बुदे, आतड्यात आतडे शिरणे व गिळलेल्या वस्तूमुळे होणारा अडथळा ही आतड्यातील कारणे आहेत. यकृत व मूत्रपिंड यांचे रोग, अधिवृक्क ग्रंथीची कमतरता आणि वयस्क मांजरांमधील अवटू ग्रंथीचा अतिस्राव ही आतड्याबाहेरील कारणे होत. जर्मन शेफर्ड जातीत स्वादुपिंडातून पाचक विकरे पुरेशी न स्रवण्याचा विकार विशेष आढळतो. असा कुत्रा भरपूर खातो, तरीही कृश होत जातो व त्याची विष्ठा फिकट, स्निग्ध व विपुल असते.

निर्जलीकरण व धोक्याची चिन्हे

अतिसारातील मृत्यूचे एक प्रमुख कारण म्हणजे शरीरातील पाणी व क्षार यांची घट होय. वजनाच्या सुमारे ५ टक्के पाणी कमी होईपर्यंत बाह्य लक्षणे फारशी दिसत नाहीत. घट १० ते १२ टक्क्यांवर गेल्यास रक्ताभिसरण कोलमडू लागते. दोन किलो वजनाच्या पिल्लात १० टक्के म्हणजे केवळ २०० मिलिलिटर द्रव होय. काही वेळा उलट्या व जुलाब होताच एवढा द्रव निघून जातो. मोठ्या कुत्र्यापेक्षा पिल्लाची स्थिती झपाट्याने बिघडते ती यामुळेच.

मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती लगेच पूर्ववत न होणे, हिरड्या कोरड्या व चिकट लागणे आणि डोळे खोल जाणे ही निर्जलीकरणाची चिन्हे आहेत. निरोगी प्राण्याची हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला भाग साधारण दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. कुत्र्या-मांजरांचे सामान्य तापमान सुमारे ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस (१००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट) असते. त्यामुळे स्पर्शास गरम लागणे म्हणजे ताप नव्हे. उलट आजारी पिल्लाचे तापमान सामान्यापेक्षा खाली जाणे हे अधिक गंभीर लक्षण असते.

पुढील परिस्थितीत प्राण्यास त्याच दिवशी पशुवैद्याकडे नेणे आवश्यक असते :

• वय सहा महिन्यांपेक्षा कमी किंवा लसीकरण अपुरे असणे
• अतिसारासोबत वारंवार उलट्या होणे, पाणीही न टिकणे
• विष्ठेत रक्त दिसणे किंवा ती डांबरासारखी काळी असणे
• मलूलपणा, हिरड्या पांढुरक्या पडणे, पोट ताणलेले व दुखरे असणे
• विषारी पदार्थ किंवा बाह्य वस्तू गिळल्याची शक्यता असणे
• मांजराने २४ तासांपेक्षा अधिक काळ काहीही न खाणे
• प्राणी गाभण, वृद्ध किंवा आधीच दीर्घ आजाराने ग्रस्त असणे

मांजर, विशेषतः स्थूल मांजर, काही दिवस उपाशी राहिल्यास त्याच्या यकृतात मेद साचून नवा गंभीर आजार उद्भवतो.

निदान

पशुवैद्य प्रथम वय, लसीकरण, जंतनाशकाची तारीख, आहारातील बदल व विष्ठेचे स्वरूप यांविषयी विचारतो. विष्ठेचे छायाचित्र व स्वच्छ डबीतील ताजा नमुना सोबत नेल्यास निदानास मोठी मदत होते. सूक्ष्मदर्शकाखाली विष्ठेत जंतांची अंडी व परजीवी शोधले जातात. जिआर्डिया दररोज विष्ठेत येत नसल्याने त्यासाठी वेगवेगळ्या दिवशीचे नमुने तपासावे लागतात. पार्व्होसाठी काही मिनिटांत निष्कर्ष देणारी चाचणी पट्टी उपलब्ध आहे. तथापि ती नकारार्थी आली म्हणून रोग नाहीच असे ठरत नाही. आवश्यकतेनुसार रक्ततपासणी, क्ष-किरण, सोनोग्राफी व जुनाट आजारात आतड्याच्या ऊतीची तपासणी केली जाते.

उपचार

साध्या अतिसारात प्रौढ प्राण्यास भरपूर स्वच्छ पाणी व सहज पचणारे अन्न थोडेथोडे, परंतु अनेकदा देतात. मीठ-मसाला न घातलेले, कातडी व हाडे काढलेले उकडलेले कोंबडीचे मांस व मऊ भात हा कुत्र्यांसाठी प्रचलित आहार आहे. मांजर मूलतः मांसाहारी असल्याने त्यास भाताचे प्रमाण अत्यल्प ठेवतात. पूर्वी प्राण्यास एक-दोन दिवस उपाशी ठेवण्याचा सल्ला दिला जाई. आता तो मागे पडला आहे, कारण आतड्याच्या पेशींची दुरुस्ती होण्यासाठी आतड्यात अन्न असणे उपयुक्त ठरते. पिल्लांना तर उपाशी ठेवूच नये, कारण त्यांच्या रक्तातील साखर चटकन घटते.

निर्जलीकरणात शिरेतून सलाईन देऊन पाणी व क्षार, विशेषतः पोटॅशियम, भरून काढणे हा मुख्य उपचार आहे. जंत व परजीवी आढळल्यास त्या त्या प्रकारावरील औषध देतात. प्रतिजैविके प्रत्येक अतिसारात आवश्यक नसतात. साध्या अतिसारात ती आतड्यातील उपयुक्त जिवाणूंची हानी करतात व औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंची वाढ होण्यास हातभार लावतात. पार्व्होमध्ये मात्र रक्तात शिरणाऱ्या जिवाणूंना रोखण्यासाठी ती दिली जातात. या विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या औषधास अमेरिकेत २०२३ मध्ये सशर्त मान्यता मिळाली. तरीही सलाईन, उलटीरोधक औषधे व लवकर सुरू केलेले पोषण यांवरच उपचारांचा मुख्य भर असतो.

जुनाट अतिसारात अनेकदा नवीन प्रथिनस्रोत असलेला आहार काही आठवडे काटेकोरपणे देऊन पाहतात. स्वादुपिंडाच्या विकारात पाचक विकरे आयुष्यभर अन्नात मिसळून द्यावी लागतात.

माणसांची जुलाब थांबवणारी औषधे परस्पर देणे धोक्याचे असते. लोपेरामाइड हे औषध कोलीसारख्या काही जातींच्या कुत्र्यांमध्ये जनुकीय दोषामुळे मेंदूपर्यंत पोहोचून विषबाधा करते. शिवाय संसर्ग किंवा विषबाधा असताना आतड्याची हालचाल थांबवल्यास घातक पदार्थ शरीरातच राहतात.

प्रतिबंध

पिल्लांना पार्व्हो व डिस्टेंपर यांवरील लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी सोळा आठवडे वय होईपर्यंत देतात. नंतर पशुवैद्याच्या सल्ल्याने वर्धक मात्रा देतात. एकच लस पुरेशी नसते, कारण आईकडून मिळालेली प्रतिपिंडे सुरुवातीच्या लसीचा परिणाम निष्प्रभ करू शकतात व ती नेमकी केव्हा संपतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. मात्रा पूर्ण होईपर्यंत पिल्लास रस्त्यावर किंवा अनोळखी कुत्र्यांत सोडू नये. मांजरांनाही पॅनल्युकोपेनियाची लस उपलब्ध आहे. कुत्र्याच्या पिल्लांना दोन आठवडे व मांजराच्या पिल्लांना तीन आठवडे वयापासून जंतनाशक देणे सुरू करतात. आहार बदलताना जुन्या अन्नात नव्याचे प्रमाण आठवडाभरात हळूहळू वाढवतात.

पार्व्हो विषाणू जमिनीत व वस्तूंवर अनेक महिने जिवंत राहतो. साधा साबण, मद्यार्कयुक्त जंतुनाशक किंवा फिनेल यांनी तो खात्रीने मरत नाही. शिवाय फिनेलसारखे पदार्थ मांजरांना विषारी असतात. जागा धुऊन स्वच्छ केल्यावर घरगुती ब्लीचचा एक भाग व पाण्याचे तीस भाग असे द्रावण दहा मिनिटे राहू दिल्यास विषाणू नष्ट होतो. पार्व्होने पिल्लू दगावलेल्या घरात लस न दिलेले दुसरे पिल्लू लगेच आणल्यास तेही आजारी पडण्याचा मोठा धोका असतो.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात पशुवैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८८६ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापासून सुरू होते. परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय हेही त्याच काळातील आहे. नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यातील पशुवैद्यकीय महाविद्यालये संलग्न आहेत. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय हे त्यांपैकी कोल्हापूर परिसरास जवळचे आहे. ग्रामीण भागात जिल्हा परिषद व पशुसंवर्धन विभाग यांच्या दवाखान्यांत मुख्यतः गुरे व शेळ्या-मेंढ्या तपासल्या जात असल्या, तरी कुत्र्या-मांजरांनाही तेथे नेता येते.

कोल्हापूर परिसरातील परिस्थितीत काही कारणे विशेष विचारात घ्यावी लागतात. येथे दूधदुभते मुबलक असल्याने पाळीव प्राण्यास दूध पाजण्याची प्रथा सर्वत्र आहे. मटणाच्या रश्श्यातील हाडे कुत्र्यास घालण्याची सवयही जुनी आहे. शिजलेली हाडे ठिसूळ होऊन त्यांचे टोकदार तुकडे पडतात व ते आतड्यास इजा करतात, तर रश्श्यातील चरबी व कांदा-लसूण यांचा त्रास वेगळाच. मेंढपाळांच्या व खाटीकखान्याजवळच्या कुत्र्यांना मेंढ्यांची कच्ची आतडी-काळीज खायला मिळाल्यास त्यांच्यात एकायनोकॉकस हा पट्टकृमी वाढतो. कुत्र्यास त्याचा विशेष त्रास होत नाही. परंतु त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृत व फुप्फुसांत पाण्याच्या गाठी होतात.

पावसाळ्यात अन्न लवकर नासते, माश्या वाढतात व ओल्या जमिनीत जंतांच्या अळ्या टिकून राहतात. पंचगंगेच्या २००५, २०१९ व २०२१ मधील मोठ्या पुरांसारख्या आपत्तींत साचलेले पाणी व उंदरांचे मूत्र यांद्वारे लेप्टोस्पायरा जिवाणूंचा धोका संभवतो. या रोगात कुत्र्यास ताप, उलट्या, अतिसार, कावीळ व मूत्रपिंडाचा विकार होतो व तो माणसासही होऊ शकतो. कुत्र्यांसाठी त्यावरील लस उपलब्ध आहे.

भटक्या कुत्र्यांसाठीच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचा भर नसबंदी व रेबीज-प्रतिबंधक लसीकरण यांवर आहे. पार्व्होची लस न मिळालेली रस्त्यावरील पिल्ले या रोगास मोठ्या प्रमाणावर बळी पडतात आणि त्यांच्या विष्ठेतील विषाणू पादत्राणांना चिकटून घरातही येतो. त्यामुळे घराबाहेर कधीही न पडणारे पिल्लूही सुरक्षित मानता येत नाही.

मानवी आरोग्याशी संबंध

कुत्र्यांमधील पार्व्हो विषाणू माणसास बाधत नाही. परंतु साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, गोलकृमी व अंकुशकृमी यांची बाधा माणसास होऊ शकते. गोलकृमींच्या अळ्या मुलांच्या यकृतात किंवा डोळ्यांत पोहोचतात, तर अंकुशकृमींच्या अळ्या अनवाणी पायांच्या त्वचेत शिरून नागमोडी पुरळ उठवतात. गोलकृमींची अंडी ताज्या विष्ठेत संसर्गक्षम नसतात. त्यांस मातीत काही आठवडे लागतात, म्हणून विष्ठा त्याच दिवशी उचलणे हा सोपा व परिणामकारक उपाय आहे. मांजराच्या विष्ठेतील टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीस संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागत असल्याने मांजराचे शौचपात्र दररोज साफ करावे. शक्य असल्यास गर्भवती स्त्रियांनी हे काम टाळावे. आजारी प्राण्याची शुश्रूषा केल्यावर साबणाने हात धुणे सर्वांसाठी आवश्यक आहे.

हे सुद्धा पहा

• अतिसार
• निर्जलीकरण
• लसीकरण
• प्राणिजन्य रोग
• लेप्टोस्पायरोसिस
• रेबीज